स्वतःचा परफ्यूम स्वतः मिसळायचं दुकान (सोलापूर) – कुणी गेलंय का?

मागवाला

होटगी रोडला एका कापडदुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर नवीन प्रकार सुरू झालाय. दुकान परफ्यूमचं, पण तयार बाटली एकही विकायला नाही. भिंतीला फळ्या, फळ्यांवर तपकिरी काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: मोगरा, वाळा, संत्रं, देवदार, व्हॅनिला, पांढरी कस्तुरी, समुद्र, ओली माती. आपण बसायचं, वास घ्यायचे, निवडायचे. तिथली मुलगी काट्यावर थेंब मोजून मिसळते, अल्कोहोल घालते आणि ३० मिलीची बाटली आपल्या नावाचं लेबल लावून हातात देते. बाराशे रुपये, तासाभराचं काम.

दिवाळीनंतर धाकट्या बहिणीचं लग्न आहे. आमच्यात पाहुण्यांना टॉवेल-टोपी, फार तर चादर. बहिणीचं म्हणणं, तिच्या मैत्रिणींना आणि करवल्यांना तिने स्वतः मिसळलेल्या छोट्या बाटल्या द्यायच्या. वडील म्हणतात, विजापूर वेशीत जा, अत्तरवाल्या चाचांकडून मोगऱ्याच्या कुप्या आण, विषय संपव. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा, पैसे वसूल होतात का? आणि आपल्या उन्हात ते टिकतं किती?

बे_दुणे_चार

काय करूलालाव बे! बाराशे रुपये देऊन वर काम पण आपणच करायचं? मे महिन्यात ४३ डिग्रीला सात रस्त्याच्या सिग्नलला उभारलं की सगळ्यांचा वास एकच. शेंगाचटणीची पाकिटं वाट, करवल्या जन्मभर नाव काढतील.

सायली_जुळेसोलापूर

मी करून घेतलाय, एप्रिलमध्ये. जरा सविस्तर लिहिते.

अनुभव मजेचा आहे, त्यात वाद नाही. आधी ती मुलगी विचारते, कुठे लावणार, घाम किती येतो, कुठल्या वासाने डोकं धरतं. मला उदबत्तीच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहवत नाही हे ऐकून तिने ऊद आणि केवडा बाजूलाच ठेवला. मग कागदाच्या बारीक पट्ट्या. पट्टीच्या एका टोकाला नाव लिहायचं, दुसरं टोक बाटलीत बुडवायचं, आणि दोन-तीन पट्ट्या एकत्र धरून नाकाखालून फिरवायच्या. जमलं असं वाटलं की काट्यावर. काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. पंख्याच्या वाऱ्याने आकडा थरथरतो, म्हणून मोजताना ती पंखाही बंद करते आणि एसीही. एप्रिलची दुपार, आम्ही दोघी घामाने निथळतोय आणि ती श्वास रोखून ड्रॉपरमधून मोगरा सोडतेय! एक थेंब जास्त पडला तर ती बाकीची सगळी मापं त्या हिशेबात वाढवते, फेकत नाही. हे मला आवडलं.

आठव्या-नवव्या बाटलीनंतर मला सगळंच एकसारखं लागायला लागलं. तिने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. हुंगली, फार फरक पडला असं नाही.

शेवटी ठरलं ते असं: बर्गामोट (लिंबाच्या जातीचं फळ), मोगरा, वाळा, व्हॅनिला आणि पांढरी कस्तुरी. निघताना लिंबू-मोगरा इतका झकास की जिन्यात दोघींनी थांबून विचारलं. आसरा चौक येईपर्यंत लिंबू संपलं. संध्याकाळी मोगराही नाही. दुसऱ्या दिवशी ओढणीला नुसती व्हॅनिला, बेकरीत मुक्काम करून आल्यासारखी. आणि आता महिन्याभराने बाटलीतलं पाणी तपकिरी झालंय, पांढऱ्या कुडत्यावर डागही पडलाय. बिघडलं का ते? दुकानात विचारलं तर म्हणाली नॉर्मल आहे.

निवृत्त_केमिस्ट

सायलीताई, ती खरं बोलली. व्हॅनिलाच्या वासातलं मुख्य द्रव्य व्हॅनिलिन. हवा, उजेड आणि दिवस लागले की त्याचा रंग तपकिरी होतो, वास जात नाही. पांढऱ्यावर फवारू नका, एवढंच. हे मात्र तिने विकतानाच सांगायला हवं होतं.

बाकी तुमचा लिंबू-मोगरा पळाला त्याचं कारण साधं आहे. संत्र्या-लिंबाच्या सालीत मुख्यतः लिमोनीन असतं, रेणुभार १३६. पांढरी कस्तुरी म्हणून जे मिळतं त्यात बहुधा गॅलेक्सोलाइड, रेणुभार २५८. अगदी ढोबळ नियम असा की हलकं आधी उडतं, जड मागे राहतं. लिंबूवर्गीय वास पंधरा-वीस मिनिटांचे पाहुणे, फुलं दोन-चार तास, आणि चंदन, वाळा, कस्तुरी, व्हॅनिला दिवसभर आणि कपड्यावर दुसऱ्या दिवशीही. सोलापूरच्या उन्हात हे वेळापत्रक आणखी आकसतं. कातडी तापलेली, हवा कोरडी, मग पहिला अंक पाच मिनिटांतच आटोपतो.

माझी खरी तक्रार पद्धतीबद्दल आहे. दुकानात बसून तुम्ही निवडता तो फक्त पहिल्या वीस मिनिटांचा वास. उरलेले आठ तास तुम्ही न हुंगताच विकत घेता. म्हणून रीत उलटी ठेवा. आधी तळाचे दोन वास ठरवा, जे रात्री अंगावर राहणार आहेत. त्यांची पट्टी घरी न्या, दुपारी हुंगा, झोपताना हुंगा, सकाळी हुंगा. पटलं तर दुसऱ्या खेपेला त्यावर फूल चढवा. लिंबू सगळ्यात शेवटी, आणि हौस असली तरच.

कॉफीच्या बियांचं म्हणाल तर तो दुकानदारीचा भाग. २०११ साली यावर एक प्रयोग झाला होता. कॉफी, लिंबाची फोड आणि साधी हवा, तिन्हींत फरक आढळला नाही. नाक थकलं की गॅलरीत जाऊन उभं राहा, नाहीतर स्वतःच्या कोपराच्या आतला वास घ्या. ती वाटी ठेवण्यापेक्षा दुकानदाराने एका बैठकीत सहाच वास दाखवायचा नियम करावा.

अजून एक. काही लोकांना ठरावीक कस्तुरी-द्रव्यांचा वास येतच नाही. नाक उत्तम, बाकी सगळं येतं, तेवढंच येत नाही. असा माणूस मिसळायला बसला की 'अजून घाला, अजून घाला' करत राहतो आणि बिचाऱ्या बायकोला सोसावं लागतं. त्यामुळे सोबत दुसरं नाक न्यावंच.

बे_दुणे_चार

काका, कस्तुरी म्हणजे ती हरणाची?

निवृत्त_केमिस्ट

छे. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्याचा व्यापार गुन्हा. दुकानात जी आहे ती कारखान्यातली, आणि ते उत्तमच. 'समुद्र' ही बाटलीही तशीच. ते बहुधा कॅलोन, फायझर कंपनीच्या रसायनज्ञांना १९६६ मध्ये सापडलेलं. औषध शोधायला गेले आणि हाती समुद्राचा वारा लागला. नैसर्गिकच हवं असा हट्ट धरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की एक किलो गुलाबाच्या तेलाला साधारण साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. बाराशेच्या बाटलीत तो गुलाब नसतो, आणि असं सांगणारा दुकानदार मला तरी आवडतो.

चाचांचा_शेजारी

आमचं कपड्याचं दुकान विजापूर वेशीजवळ, लहानपण अत्तराच्या दुकानाच्या पायरीवर गेलं. म्हणून दोन शब्द तिकडच्या बाजूने.

तुम्ही ज्याला नवीन प्रकार म्हणताय ते चाचा रोज करतात, फक्त काटा नाही. रमजानात संध्याकाळी जाऊन बघा, गर्दीतसुद्धा. गिऱ्हाईक म्हणतं, मागच्या वेळचा गुलाब जरा जास्त गोड होता. चाचा काचेच्या काडीने तळहाताच्या मागे गुलाबाची एक रेघ ओढतात, तिच्यावर वाळ्याची दुसरी, बोटाने हलकेच पसरतात आणि म्हणतात, चक्कर मारून या. विकत घ्या असं म्हणत नाहीत, चक्कर मारून या म्हणतात. माणूस बांगड्या बघून, शेवया घेऊन अर्ध्या तासाने परततो, पुन्हा हात हुंगतो, मग बोलणी. केमिस्टकाकांनी जे वर लिहिलंय तेच हे, रेणुभार न मोजता.

आणि मिश्रण म्हणाल तर मजमुआ चार अत्तरांचाच असतो: वाळा, केवडा, मिट्टी (ओल्या मातीचा वास) आणि कदंब. उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा. थंडीत हिना, शमामा, ऊद. पावसाळ्याच्या तोंडावर मिट्टी. मे महिन्यात कुणी शमामा मागितला तर चाचा तोंडावर नाही म्हणतात. माझ्या डोळ्यांदेखत एका नवरदेवाला परत पाठवलाय, जानेवारीत ये म्हणून.

मिट्टीबद्दल थोडं. कन्नौजला मातीच्या अर्धवट भाजलेल्या खापऱ्या तांब्याच्या डेगेत घालतात, पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, खाली लाकडाचा-गोवऱ्यांचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. वास त्या तेलात मुरतो. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही, कारागीर भपक्याला हात लावून जाळ कमी-जास्त करतो. आता चंदन परवडत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी तेलाच्या जागी लिक्विड पॅराफिन वापरतात. चाचांकडेही दोन्ही आहे आणि दोन्हीचे भाव वेगळे सांगतात. तुम्ही विचारलं पाहिजे.

मागवालेभाऊ, वडिलांचं ऐका असं मी म्हणत नाही. पण बहिणीला एकदा पायरीवर बसवून आणा.

मागवाला

वा! यासाठीच धागा काढला होता. बहिणीला दाखवलं, ती म्हणते चाचांकडे फवारा नाही, कापसाचा फाया कानात घालून मैत्रिणी फिरणार नाहीत. तेलातलं आणि अल्कोहोलमधलं, आपल्या हवेला कुठलं बरं?

निवृत्त_केमिस्ट

अल्कोहोल वास उधळतं. खोलीत शिरल्याबरोबर लोकांना कळतं आणि तितक्याच लवकर विरतं. तेल अंगाशी राहतं, जवळ आलेल्यालाच कळतं, पण टिकतं. लग्नाच्या हॉलमध्ये दोनशे माणसं, जेवणाचे वास, फुलं, धूर. तिथे फवारा मारून काही सिद्ध होत नाही. मी ६ मिलीच्या गोळीवाल्या (रोल-ऑन) बाटलीत तेलातलं देईन, मनगटावर फिरवायचं. फवाराच हवा असेल तर मिसळल्यावर किमान दोन-तीन आठवडे अंधारात मुरू द्या. ताज्या मिश्रणात अल्कोहोल नाकात घुसतं, वास एकजीव झालेले नसतात. तासाभरात हातात बाटली हे जाहिरातीला ठीक आहे.

पोथीवाचक

या निमित्ताने एक जुनी गोष्ट. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध मिसळण्यावर, एक अध्यायच लिहिलाय. त्यात सोळा द्रव्यं चार-चार करून सोळा घरांच्या चौकटीत मांडली आहेत आणि प्रत्येक घरात भाग दिलेत. पहिल्या ओळीत २, ३, ५, ८. दुसरीत ५, ८, २, ३. तिसरीत ४, १, ७, ६. चौथीत ७, ६, ४, १. आडवी बेरीज करा, उभी करा, १८ च येते. म्हणजे कुठलीही ओळ उचला, मिश्रण एकूण १८ भागांचंच होणार. सोळातून कुठलेही चार निवडायचे तर १८२० प्रकार होतात, हेही त्याने तिथेच सांगून ठेवलंय.

आणि त्या अध्यायात एकूण द्रव्यं कोणती? वाळा, अगरु, तगर, कापूर, चंदन हे अपेक्षितच. पण मुस्ता (नागरमोथा), कचोरा, धने आणि दगडफूलही. आपल्या काळ्या मसाल्याच्या डब्यातले दोन तर उघड दिसतात.

आपल्या भागाशी नातं सांगायचं तर मानसोल्लास. बारावं शतक, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. राजाने अंगाला काय लावावं, कुठल्या ऋतूत कुठला लेप, धूप कसा करावा, सगळं त्यात आहे. कल्याणी म्हणजे बसवकल्याण, हैदराबादच्या रस्त्याला, आपल्याहून दोन-अडीच तासांवर. आपले सोलापूरचे सिद्धरामेश्वरही त्याच शतकातले, तेही कल्याणला गेलेले. आणि मराठीशी नातं हवं असेल तर गंधवाद म्हणून सुगंधी द्रव्यांच्या कृतींचा एक संस्कृत ग्रंथ आहे, त्यावर जुन्या मराठीत टीका आहे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी तो उजेडात आणला.

बे_दुणे_चार

१८२० प्रकार आणि होटगी रोडची ताई एका तासात उरकते. सोळा घरांचा तो तक्ता तिला नेऊन द्या कुणीतरी.

निवृत्त_केमिस्ट

दगडफुलाचा उल्लेख वाचून बरं वाटलं. युरोपी परफ्यूममध्ये ओकमॉस नावाचं जे द्रव्य लागतं तेही ओक झाडांवर वाढणारं शैवाकच (लायकेन), आपल्या दगडफुलाच्या नात्यातलं. काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जी होते, म्हणून आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने त्याच्या वापरावर मर्यादा घातली आहे. घरी मसाल्याचा डबा उघडून प्रयोग करू नका, म्हणजे झालं.

डॉ_मावशी

हेच लिहायला आले होते. दर उन्हाळ्यात मानेवर नाहीतर मनगटावर काळसर पट्टे घेऊन मुली येतात. विचारलं तर कुठून तरी आणलेलं लिंबू-संत्र्याचं तेल लावलेलं असतं. बर्गामोटच्या कच्च्या तेलात बर्गाप्टीन असतं, ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते आणि डाग महिनोन्महिने राहतो. म्हणून अंगावर राहणाऱ्या पदार्थात त्या तेलाची मर्यादा ०.४ टक्के धरतात. बर्गाप्टीन काढून टाकलेलं तेलही मिळतं. सायली, तुझ्या मिश्रणात बर्गामोट आहे ना? कुठलं ते दुकानात विचार, आणि तोपर्यंत उन्हात जाताना कपड्यावरच लाव. दालचिनी आणि लवंग यांची तेलंही कातडीला जाळतात, जपून. करवल्यांत कुणाला दमा असेल तर तिला बाटलीऐवजी दुसरं काहीतरी द्या, बळेच लावू नका.

नवीन मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायचं. लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा नको.

कागद_बघा_आधी

अंगाला लावायचं ते कायद्याने कॉस्मेटिक. विकण्यासाठी बनवायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली परवाना लागतो, तो राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख पाहिजे. नुसतं 'प्रियाचा परफ्यूम' छापून भागत नाही. दुकानात भिंतीवर परवाना लावलाय का ते बघा, नसेल तर गोड बोलून विचारा. अल्कोहोलच्या बाटल्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. शुद्ध इथेनॉलची वाफ १३ अंशालाच पेट घेऊ शकते, आणि बंद गाडीत किती तापतं ते सोलापूरकराला सांगायला नको.

सायली_जुळेसोलापूर

मावशी, विचारलं. बर्गामोट बर्गाप्टीन काढलेलंच आहे, तिने पुरवठादाराचा कागद दाखवला. परवानाही काउंटरच्या मागे होता, माझं लक्ष नव्हतं. आणि तिने स्वतःहून सांगितलं की व्हॅनिला निम्मी करून, वाळा वाढवून पुन्हा करून देते, फक्त मालाचे पैसे. माझा फॉर्म्युला वहीत लिहिलेला होता.

मागवाला

काल दोन्हीकडे जाऊन आलो. होटगी रोडला बहिणीने आधी तळच ठरवला, चंदनाच्या वासाचं मिश्रण आणि वाळा. पट्ट्या घेऊन आलो. रात्री आईने हुंगून सांगितलं, चंदन देवघरातलं वाटतंय, कमी करा. सकाळी वडील काही न बोलता पट्टी हातात घेऊन बसले होते, म्हणजे पास. आता पुढच्या खेपेला त्यावर मोगरा, तोही अगदी थोडा. ती मुलगी म्हणाली, मोगऱ्यात इंडोल असतं, प्रमाण वाढलं की शौचालयाचा वास मारतो. लिंबू रद्द. ६ मिलीच्या गोळीवाल्या बाटल्या, तेलात. एका दमात तीस करायच्या असल्यामुळे दर निम्म्यावर आला.

चाचांकडेही पायरीवर बसलो. वडिलांसाठी आणि व्याह्यांसाठी मजमुआ घेतोय, चंदनाच्या तेलातला. भाव ऐकून मी गप्प, वडील खूश. नवरदेवासाठी हिना मागितला तर चाचांनी लग्नाची तारीख विचारली आणि मान डोलावली, थंडीत चालेल म्हणे.

एकच अडचण. बहिणीच्या चार मैत्रिणी बेंगळुरूला आहेत, त्यांना फवाऱ्याच्या बाटल्या हव्यात. त्या अल्कोहोलच्या, म्हणून कुरियरवाल्याने हात वर केले.

कागद_बघा_आधी

बरोबर केलं त्याने. अल्कोहोलचा परफ्यूम विमानमालात ज्वालाग्राही, वर्ग ३ मध्ये धरतात. रस्त्याने नेणारा कुणी बघा, किंवा त्यांनाही तेलातलंच द्या.

बे_दुणे_चार

माझा मेहुणा बेंगळुरूला असतो, पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येतोय, परत जाताना देतो त्याच्याकडे. डिकीत सावलीला ठेवायला सांगतो. बदल्यात शनिवारी मला पण चाचांच्या पायरीवर ने. शुक्रवारी दुपारी नको, नमाजला दुकान बंद असतंय.